तुमची गाडी रिकामी आहे

‘फुकट’ या शब्दाशी माझे संबंध लहानपणापासून जिव्हाळ्याचे आहेत. एसटीत शेजाऱ्याच्या वर्तमानपत्राचं मधलं पान, लग्नाच्या पंगतीतली शेवटची जिलबी आणि दुसऱ्या कुणाला घेऊन डॉक्टरकडे गेलो असताना आपली एखादी तक्रार हळूच पुढे सरकवून मिळवलेला सल्ला, या तीन गोष्टी मी आयुष्यात कधी सोडल्या नाहीत. असं असूनही पुण्याच्या पुतण्याने फोनवर ‘‘काका, दुकान फुकट आहे,’’ असं सांगितलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. जिलबी फुकट मिळू शकते. दुकान कसं मिळेल?

पण मला दुकान कशाला हवं होतं, ते आधी सांगायला हवं. चौतीस वर्षं मी मुलांना मराठी शिकवलं. म्हणजे शाळेच्या दप्तरात तशी नोंद आहे. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं हेदवीला वडिलोपार्जित घरी येऊन राहिलो. हेदवी म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी ठाऊक असतात : दशभुजा गणपती आणि बामणघळ. गणपतीच्या दर्शनाला मुंबई-पुण्याची मंडळी गाड्या भरभरून येतात आणि तिथून समुद्रावर बामणघळ बघायला जातात. खडकाला एक अरुंद, खोल चीर पडलेली आहे. भरतीची लाट तिच्यात घुसते, कोंडते आणि उंच उसळते. ओहोटीला गेलं तर काहीच दिसत नाही, आणि लोक नेमके ओहोटीलाच जातात. मग येताना आमच्या अंगणात पाणी पितात आणि ‘‘काही खास नाही हो,’’ असं मला ऐकवतात. जणू समुद्र माझ्या हाताखाली कामाला आहे!

घरामागच्या उतारावर आमची हापूसची अडतीस कलमं आहेत. हापूस एक वर्ष धरतो आणि एक वर्ष रुसतो, त्यामुळे निम्मी कलमं कायम रुसलेली असतात. उरलेल्यांचा आंबा वडिलांच्या वेळी क्रॉफर्ड मार्केटला जायचा, पुढे वाशीला जाऊ लागला. तिकडून पट्टी येते. पट्टी म्हणजे आपल्या आंब्याचं प्रगतिपुस्तक. हे वजा, ते वजा जाता खाली जो आकडा उरतो, तो वाचताना मला माझ्या हातून काठावर पास झालेले विद्यार्थी आठवतात. एका वर्षी तो आकडा पेट्यांच्या लाकडाच्या खर्चाला जेमतेम पुरला. तेव्हा आमची ही म्हणाली, ‘‘अहो, त्यापेक्षा गणपतीच्या वाटेवर बसून विकू या.’’ हे ऐकून पुतण्या म्हणाला, ‘‘काकू, वाटेवर कशाला? इंटरनेटवर बसा.’’

‘‘आणि दुकान कोण बांधून देणार?’’ मी विचारलं.

‘‘बांधलेलंच आहे. फुकट आहे.’’

‘‘बांधलं कोणी?’’

‘‘पुष्कळ लोकांनी.’’

‘‘त्यांना पगार कोण देतं?’’

‘‘काहींना त्यांच्या कंपन्या देतात. बरेच जण असंच करतात.’’

‘‘असंच?’’

‘‘असंच.’’

‘असंच’ काम करणारी माणसं चौतीस वर्षांत मला स्टाफरूममध्ये भेटलेली नव्हती. माझा अविश्वास पाहून पुतण्या पुढच्या शनिवारी जातीने हेदवीला आला आणि ओसरीवर बसून त्याने माझी शिकवणी घेतली. या दुकानाचं नाव वूकॉमर्स. ते वर्डप्रेस नावाच्या जोत्यावर उभं राहतं. जागेचं भाडं आपल्याला भरावं लागतं, आणि गिऱ्हाइकाचे पैसे आपल्या खात्यात वळते करणारा आपली टक्केवारी घेतो. पण इमारतीला दाम नाही आणि इमारतीच्या नकाशाला कुलूप नाही. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या एका हट्टी अमेरिकन गृहस्थाने १९८५ साली यासाठी एक संस्थाच काढली. त्याचं म्हणणं असं, की आज्ञावली वापरायची, तिचं पोट उघडून बघायची, तिच्यात बदल करायची आणि ती दुसऱ्याला द्यायची, या चारही गोष्टींची मोकळीक प्रत्येकाला हवी.

‘‘म्हणजे आपल्या पाखाडीसारखं,’’ मी म्हणालो.

पुतण्याने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. माझ्याकडे असं कोणी फारसं पाहत नाही, म्हणून मी ते पुष्कळ दिवस लक्षात ठेवलं.

ज्यांनी पाखाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. जांभ्या दगडाच्या पायऱ्या बसवून डोंगरउतारावरून केलेली वाट म्हणजे पाखाडी. आमच्या वाडीची पाखाडी आमच्याच बागेच्या कडेने वर जाते. ती कोणाची, असं विचाराल तर कोणाचीच नाही. म्हणजेच सगळ्यांची. तिच्यावरून चालावं, तिचा दगड हलला तर बसवावा, पुढे वाढवायची असेल तर वाढवावी. दर वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, पाऊस लागायच्या आत, वाडीतली माणसं कुदळ-घमेली घेऊन जमतात आणि ती नीट करतात. मी त्या कामात नेहमीच सहभागी असतो, म्हणजे शंभर रुपये वर्गणी देतो. मी स्वतः गेलो असतो, पण माझी पाठ दुखते. ती वर्षातून एकदाच दुखते, मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी.

तर दुकान उघडलं. पुतण्याने उत्साहाच्या भरात त्याचं मराठी भाषांतर एका यंत्राकडून करून घेतलं, आणि उद्घाटनाच्या दिवशी मला ते पडद्यावर दाखवलं. वर कोपऱ्यात लिहिलं होतं : ‘तुमची गाडी रिकामी आहे’.

‘‘आपल्याकडे गाडी कुठे आहे?’’ हिने विचारलं.

‘‘काकू, ती कार्ट. इंग्रजीत कार्ट म्हणजे गाडी. म्हणून ‘अ‍ॅड टू कार्ट’चं ‘गाडीत घाला’ झालंय.’’

आंब्याच्या फोटोखाली खरंच ‘गाडीत घाला’ होतं. कोकमाखाली ‘गाडीत घाला’, फणसपोळीखालीही ‘गाडीत घाला’. घाटावरून आलेल्या एखाद्या दांडग्या व्यापाऱ्याने दम भरावा तसं ते वाटत होतं. पुढे ‘चेकआउट’च्या जागी ‘तपासून बाहेर पडा’ होतं. गिऱ्हाइकाने ते वाचलं असतं तर तो खरोखरच बाहेर पडला असता. ‘शिपिंग’ या शब्दात यंत्राला शिप दिसलं होतं. त्यामुळे माल दुसरीकडे पाठवायचा असेल तर ‘वेगळ्या पत्त्यावर जहाज?’ असा प्रश्न येई. आणि पैसे भरून झाले की ‘आपला हुकूम प्राप्त झाला आहे’! हे शेवटचं वाक्य तेवढं हिला फार आवडलं. ‘‘हे राहू दे,’’ ती म्हणाली, ‘‘गिऱ्हाइकाला बरं वाटेल.’’

यातलं काही पुतण्याने दुरुस्त केलं, काही घाईत राहिलं. तरी आंबा विकला जाऊ लागला. पहिली मागणी डोंबिवलीहून आली, दुसरी नाशिकहून, तिसरी कोथरूडहून. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘‘खरा हापूस ना?’’ मी सांगायचो, की २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यालाच ते नाव लावता येतं. कलम कोणीही कुठेही लावावं, त्याला मनाई नाही. नाव मात्र सगळ्यांचं मिळून राखलेलं आहे. हे भाषण मी इतक्यांदा केलं, की शेवटी ही स्वयंपाकघरातून ‘पालघर’ हा शब्द माझ्याआधी म्हणायला लागली.

आणि मग ती रात्र आली.

अक्षय्य तृतीयेला आठवडा राहिला होता. वर्षाची निम्मी विक्री या आठवड्यात होते. दुकान जरा सणासारखं दिसावं म्हणून मी पुतण्यामागे लकडा लावला होता, की वरती झेंडूचं तोरण पाहिजे, आणि ते वाऱ्यावर हललं पाहिजे. ‘‘काका, नको,’’ तो म्हणाला होता. ‘‘तोरणाशिवाय सण?’’ असं मी म्हणालो होतो. त्याने कुठूनसं हलतं तोरण आणून लावलं. रात्री साडेनऊला डोंबिवलीचा फोन आला : ‘‘मास्तर, पैसे भरायला जातोय तर नुसतं पांढरं पान येतंय.’’ मग ठाण्याचा फोन, मग सांगलीचा. मी स्वतः पाहिलं. आंबे दिसत होते, गाडीत जात होते, पण ‘तपासून बाहेर पडा’ दाबलं की पांढरंशुभ्र पान! परीक्षेत ढ मुलाने कोरी उत्तरपत्रिका द्यावी तसं.

आढीत ऐंशी डझन आंबा पिकत होता. पिकणारा आंबा कोणासाठी थांबत नाही. पुतण्या पुण्यात आणि मी हेदवीत फोन कानाला लावून जागे. अकराच्या सुमारास तो म्हणाला, ‘‘काका, मला कळत नाहीये. चव्हाट्यावर विचारतो.’’ चव्हाटा हा माझा शब्द. या दुकानांची अडलेली-नडलेली माणसं जिथे आपलं गाऱ्हाणं मांडतात, त्या जागेला आम्ही घरात तेच नाव ठेवलं आहे. त्याने गाऱ्हाणं लिहिलं. मी मनात म्हटलं, आता सरकारी पद्धतीने ‘आपली तक्रार मिळाली’ असं उत्तर येईल आणि विषय संपेल.

वीस मिनिटांत कोणीतरी उत्तर दिलं. कोण, कुठला, काही ठाऊक नाही. आमच्याकडे अर्धी रात्र होती, त्याच्याकडे बहुधा दुपार असावी. जुना वैद्य नाडी धरून विचारतो तसं त्याने विचारलं : दुकानाची आवृत्ती कोणती, शेवटचा बदल कधी केला, जोडकामं किती लावली आहेत? मग म्हणाला, सगळी जोडकामं बंद करा, आणि एकेक चालू करत दर वेळी पान उघडून बघा. घरातली वीज गेल्यावर आपण सगळे फ्यूज काढतो आणि एकेक लावून बघतो ना, अगदी तसंच. अकरा जोडकामं होती. दहा लावून झाली, पान उघडत होतं. अकरावं लावलं आणि पान पांढरं.

अकरावं म्हणजे तोरण.

पुतण्या मला काही बोलला नाही. हा त्याचा मोठेपणा. ही बोलली.

पुतण्याने त्या माणसाला विचारलं, की आमचे काका म्हणताहेत किती द्यायचे? उत्तर आलं : काही नको. कशामुळे झालं आणि कसं सुटलं ते मात्र इथे लिहून ठेवा, पुढच्याला उपयोगी पडेल. मी ते वाचून अंमळ गप्पच झालो. ही म्हणाली, ‘‘एक पेटी पाठवू या की त्याला. वेगळ्या पत्त्यावर जहाज आहेच आपल्याकडे.’’

सकाळपर्यंत बावीस मागण्या आल्या. मी खुशीत वर बागेकडे बघत होतो. आढी वरच्या मांगरात असते, तिथून पेट्या पाखाडीने खाली येतात आणि मग टेम्पोत चढतात. पहिली पेटी डोक्यावर घेतलेला गडी अर्ध्या वाटेत थांबला आणि खाली बसला. ‘‘मास्तर, खाली येता येत नाय,’’ तो वरून ओरडला. ‘‘वाट गेलीय.’’

मधल्या पाच पायऱ्या निखळून बाजूच्या खळग्यात गेल्या होत्या. गेल्या पावसातच त्या सुटल्या असणार. मी वर्षभर त्या बाजूला फिरकलो नव्हतो, पाठीमुळे.

‘‘आबा कुठेत?’’ मी विचारलं. पाखाडीचं काही झालं की आमच्या वाडीत हा एकच प्रश्न विचारतात. आबा ऐंशीचे आहेत. उभा जन्म त्यांनी जांभ्याचे चिरे काढण्यात घालवला. मे महिन्याच्या त्या रविवारी आम्ही सगळी ‘वाडी’ पाखाडी नीट करतो असं मी वर लिहिलं, ते तितकंसं खरं नाही. वाडी जमते, चहा होतो, गणपतीच्या वर्गणीवरून वाद होतो, घमेली इकडची तिकडे होतात. दगड आबा बसवतात. आणि उरलेलं वर्षभर, एखादा दगड हलला की कोणी न सांगता येऊन पहार लावतात, तेही आबाच. ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे मुंबईला गेले होते, पावसाळ्याआधीच. पुढे मुलाने ठेवून घेतलं. वर्ष होत आलं होतं. ते इथे नाहीत हे वाडीतल्या कोणाच्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. पाखाडीच्या मात्र आलं होतं.

त्या दिवशी आम्ही माणसांची साखळी करून पेट्या हातोहात खाली आणल्या. साखळीत मी होतो. ही होती, पुतण्याही दुपारी पुण्याहून येऊन उभा राहिला. रात्री ओसरीवर पाय पसरून बसल्यावर तो म्हणाला, ‘‘काका, आमच्याकडे पण आबा आहेत.’’

मग त्याने हकिकत सांगितली. इंटरनेटवरच्या दुकानात आपण पैसे भरतो तेव्हा ते मधल्यामध्ये कोणी वाचू नये म्हणून त्यावर एक कुलूप असतं. जगातल्या कितीतरी दुकानांचं आणि बँकांचं हे कुलूप ओपनएसएसएल नावाच्या आज्ञावलीतून येतं. तीही अशीच, सगळ्यांची. २०१४ सालच्या एप्रिलमध्ये त्या कुलपात एक भोक सापडलं. त्याला ‘हार्टब्लीड’ नाव पडलं आणि जगभर पळापळ झाली. मग लोकांनी चौकशी केली, की हे कुलूप सांभाळतं कोण? तर मूठभर माणसं. त्यांतला पूर्ण वेळ काम करणारा एक. आणि या कामासाठी सगळ्या जगाकडून देणगी यायची वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर. मोठमोठ्या कंपन्या वर्षानुवर्षं त्या पाखाडीवरून ये-जा करत होत्या आणि प्रत्येकीला वाटत होतं, की दुसरं कोणीतरी बघत असेल.

‘‘शंभर रुपये वर्गणी देत असतील,’’ मी म्हणालो.

‘‘काही जण तेवढीही नाही. त्यानंतर मात्र लिनक्स फाउंडेशनने पुढाकार घेतला, कंपन्यांनी एकत्र येऊन पैसे घातले, माणसं नेमली. या संस्था असतात ना काका, त्या यासाठीच असतात. आबा एकटे पडू नयेत म्हणून.’’

मला गावकीची चांगली माहिती असल्यामुळे मी लगेच विचारलं, ‘‘आणि भांडणं?’’

‘‘भरपूर!’’ पुतण्या उठून बसला. भांडणाचं नाव काढलं की आमच्या घराण्यात सगळ्यांना तरतरी येते. वर्डप्रेसचा जन्मच असा, तो म्हणाला. आधी ‘बी-टू’ नावाची एक आज्ञावली होती. तिच्या कर्त्याने तिच्याकडे बघणं सोडलं, तेव्हा अमेरिकेतला एकोणीस वर्षांचा मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधला माइक लिटल यांनी तिची प्रत घेतली आणि २००३ साली नवं बिऱ्हाड थाटलं. वूकॉमर्सही तसंच. आधी ‘जिगोशॉप’ होतं. वूथीम्स या कंपनीने २०११ साली त्याची प्रत घेऊन वेगळी चूल मांडली, आणि २०१५ साली ती कंपनी मुलेनवेगच्या ऑटोमॅटिकने विकत घेतली. मॅजेन्टो नावाचं आणखी एक मोठं दुकान होतं. ते २०१८ साली अडोबीने १६८ कोटी डॉलरना घेतलं. त्याच्या जुन्या आवृत्तीची देखभाल जून २०२० मध्ये थांबली. तेव्हा स्वयंसेवकांनी ‘ओपनमेज’ या नावाने ती स्वतः चालू ठेवली. आणि २०२४ साली खुद्द वर्डप्रेसच्या गावकीत भांडण लागलं. त्यावर धंदा करणारी एक मोठी कंपनी नाव वापरते, पण कामाला हातभार लावत नाही, असं मुलेनवेगचं म्हणणं. कंपनीला ते अमान्य. प्रकरण कोर्टात गेलं.

‘‘म्हणजे हापूससारखंच,’’ मी म्हणालो. ‘‘कलम कोणीही लावा, नाव मात्र–’’

‘‘पालघर,’’ ही आतून म्हणाली.

मी यावर रात्री बराच विचार केला. आमच्याकडे गावकी फुटली की पालखीवरून वाद होतो, कारण पालखी एकच असते. पंचवीस-पंचवीस वर्षं तारखा पडतात आणि देव देवळात बसून राहतो. यांच्याकडे ही अडचण नाही. ज्याला पटत नाही त्याने पालखीची हुबेहूब प्रत काढावी आणि आपल्या वाटेने निघावं. कोणी अडवत नाही. फक्त पालखीची प्रत काढता येते, खांद्यांची येत नाही. पालखी उचलायला माणसं मिळाली तर ती चालते. नाही मिळाली तर कितीही सुंदर असो, जागच्या जागी राहते.

पुढच्या थंडीत पुतण्या मला पुण्याला त्यांच्या मेळाव्याला घेऊन गेला. वर्डकॅम्प म्हणतात त्याला. मुंबईत, पुण्यात, नागपुरात असे मेळावे होऊन गेले आहेत. भाषणं करणारे मानधन घेत नाहीत, मांडव सांभाळणारे पगार घेत नाहीत. मी मुख्यतः जेवणाबद्दल ऐकून गेलो होतो, आणि जेवण चांगलं होतं हे इथे नोंदवून ठेवतो. सगळी तिशीच्या आतबाहेरची पोरं, आणि त्यांच्यात गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवलेला मी, हरवलेल्या मुलासारखा. एका दिवशी नुसतं काम होतं. भाषणं नाहीत. वेगवेगळी टेबलं मांडलेली, ज्याला जे येतं त्याने ते करायचं. मला काय येतं? मी चहाच्या टेबलाकडे वळत होतो, एवढ्यात एका मुलीने हाक मारली, ‘‘सर, तुम्ही मराठीचे ना? इथे बसा.’’

तिथे भाषांतर चाललं होतं. पडद्यावर इंग्रजी वाक्य येतं, खाली मराठी लिहायचं. ते सूचना म्हणून जमा होतं, कोणी संपादक ते तपासतो, आणि पसंत पडलं तर जगातल्या प्रत्येक मराठी दुकानात तेच दिसतं. मी बाह्या सरसावल्या. पहिलंच वाक्य आलं : अमुक वस्तू तुमच्या कार्टमध्ये टाकली आहे. अमुकच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि एक इंग्रजी अक्षर. तिथे वस्तूचं नाव यंत्र आपोआप भरतं.

चौतीस वर्षांत जी अडचण मुलांनी मला आणली नव्हती ती त्या टक्क्याने आणली. इंग्रजीला लिंगाची फिकीर नाही. मराठीत आंबा टाकला, फणसपोळी टाकली, कोकम टाकलं! वस्तू कोणती येणार हे आधी ठाऊकच नाही, तर क्रियापदाने मान कोणाकडे वळवावी? ‘टाकला/ली/लं’ असं लिहिलं तर ते सरकारी अर्जासारखं दिसतं. मी पाऊण तास डोकं धरून बसलो. त्या मुलीने दोनदा चहा आणून दिला. शेवटी मला आजोबांची रोजकीर्द आठवली. ‘जमा : आंबा’, ‘जमा : नारळ’. कीर्दीला लिंग नसतं! मी लिहिलं, ‘तुमच्या टोपलीत जमा :’ आणि पुढे ते टक्क्याचं चिन्ह. मुलगी टाळी वाजवून म्हणाली, ‘‘सर, भारी!’’ मराठीच्या तासाला टाळी मिळण्याचा हा माझ्या आयुष्यातला पहिला प्रसंग.

आठवड्याने निकाल लागला. माझ्या चाळीस वाक्यांपैकी एकतीस पसंत, नऊ परत. टोपली परत! संपादकाने लिहिलं होतं : ‘जमा ही युक्ती छान. पण बाकी सगळीकडे कार्ट आहे. एकाच दुकानात एका दारावर कार्ट आणि दुसऱ्यावर टोपली असेल तर गिऱ्हाईक गोंधळेल. कृपया पुन्हा पाठवा.’ चौतीस वर्षं मी लाल शाईने इतरांच्या वह्या रंगवल्या, आणि आता पुतण्याच्या वयाचं कोणीतरी माझी वही परत करत होतं. संध्याकाळभर मी कोणाशी बोललो नाही. आणि वाईट म्हणजे, त्याचं बरोबर होतं. रात्री जेवण झाल्यावर मी नऊच्या नऊ वाक्यं पुन्हा लिहून पाठवली.

त्या मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी माझी पाठ दुखली नाही. हिने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मी पाखाडीवर गेलो तेव्हा वाडीची माणसं जमली होती, चहा झाला होता, वर्गणीचा वाद नुकताच रंगात येत होता. आबा मुंबईहून परतले होते. एका डोळ्याने चांगलं दिसत होतं, गुडघ्याने मात्र राजीनामा दिला होता. ते कडेच्या दगडावर काठी घेऊन बसले होते.

‘‘काय वो मास्तर,’’ ते म्हणाले, ‘‘वाट चुकलात?’’

‘‘आबा, मला शिकवा,’’ मी म्हणालो.

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी काठीने दाखवलं. चिरा कुठला निवडायचा, त्याची बसायची बाजू कुठली, खाली भर कशी घालायची, उताराकडे किंचित ढाळ कसा ठेवायचा म्हणजे पाणी थांबत नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, सगळं त्यांच्या हातात होतं. एक मुलगा ते मोबाइलवर टिपून घेऊ लागला. पुढच्याला उपयोगी पडेल, असं मीच त्याला सांगितलं. कोणीतरी वहीत बारा महिन्यांची बारा घरं लिहिली, दर महिन्याला एका घराने पाखाडी बघून यायची. जुलै आमच्या वाट्याला आला. भर पावसाचा महिना कोणी मागितला नाही, तो माझ्याकडे कसा आला ते मला अजून कळलेलं नाही.

दोन तास खपून मी एक पायरी बसवली. घाम पुसला, दोन पावलं मागे सरून तिच्याकडे पाहिलं. मला ती फारच देखणी वाटली. हिला बोलावून दाखवावी असा विचार मनात होता, तेवढ्यात आबा काठीच्या आधाराने उठले, हळूहळू आले आणि पायरीच्या एका कोपऱ्यावर पाय ठेवून त्यांनी भार दिला. पायरी हलली.

‘‘डुगडुगतेय,’’ आबा म्हणाले. ‘‘काढा. परत बसवा.’’

मी काढली आणि परत बसवली.